मंगळवारी वेरूळ बंद असतं

घरातले म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उगाळत बसतेस. उगाळते, कारण तो माणूस अजून गावात उजळ माथ्याने फिरतोय आणि "मॅडमनाच मंगळवार पाहिजे होता" असं चौकात सांगतोय. तेव्हा माझी बाजू एकदाची कागदावर येऊ दे. सुट्टीत नांदगावला पाहुणे आणणाऱ्यांना त्यातून चार गोष्टी कळल्या तर तेवढंच पुण्य.

पाहुणे साधे नव्हते. लेकीच्या सासरची मंडळी, व्याही आणि विहीणबाई, पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली होती. "तुमच्याकडे बघण्यासारखं काय काय आहे?" असं विहीणबाईंनी आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. तो सूर ज्यांना विहीण आहे त्यांना समजावून सांगायला नको.

आमचं गाव लेंडी आणि शाकंबरी या नद्यांच्या काठी. उन्हाळ्यात या नद्या आहेत हे सांगावं लागतं. 2021 च्या सप्टेंबरात मात्र त्यांनी स्वतःच बाजारपेठेत शिरून सांगितलं होतं. पण तालुक्यात गिरणा धरण आहे, नस्तनपूरचा शनी आहे, जातेगावचा पिनाकेश्वर आहे, आणि तास-दीड तासावर वेरूळ. एवढ्या भांडवलावर पुण्याच्या माणसांना दोन दिवस सहज रमवता येतं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

गाडी हवी म्हणून त्याला बोलावलं. तो माझाच विद्यार्थी, भूगोलात काठावर पास झालेला. आता गाड्या भाड्याने देतो आणि 'नांदगाव दर्शन' नावाची एका दिवसाची सहल विकतो. मोबाइलवर पत्रक दाखवलं: सकाळी गिरणा धरण व बोटिंग, मग नस्तनपूर, दुपारचं जेवण, नंतर वेरूळ लेणी, रात्री घरी. वर फोटो होता. निळंशार पाणी, त्यावर लाल-पिवळी बोट, मागे हिरवे डोंगर.

आता हे नीट वाचा, कारण मुद्दा इथेच आहे. मी त्याला रविवार सांगितला होता. त्याने रविवारी गाडी लग्नात असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "मग सोमवार धर. पण थांब, सोमवारी कुठलं तरी लेणं बंद असतं ना?" त्यावर त्याचं उत्तर जसंच्या तसं माझ्या मोबाइलमध्ये आहे: "म्हणूनच मंगळवार ठेवलाय मॅडम. सगळं फिक्स आहे." सोमवारी बंद असतं ते अजिंठा. वेरूळ बंद असतं मंगळवारी. हे ज्याने दहा वेळा गाड्या नेल्यात त्याला ठाऊक नको? विचारायचं काम माझं, ते मी केलं होतं. पैसे त्याने सगळे आधी घेतले, डिझेल भरायचंय म्हणून.

मंगळवारी सकाळी ए.सी. गाडीऐवजी क्रूझर आली. असो.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वैशाखातलं गिरणा ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं ठाऊक आहे. भिंतीच्या अलीकडे मैलभर भेगाळलेली काळी जमीन. त्यात कुणी गाळपेर केलेली, टरबुजाचे वेल. एकीकडे ट्रॅक्टरच्या रांगा गाळ भरून नेताहेत. पाणी होतं, नाही असं नाही, पण लांब, पत्र्यासारखं चमकणारं. त्याच्या काठाला मासेवाल्यांच्या दोन-तीन होड्या उपड्या घातलेल्या. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना ड्रायव्हरने बोटिंगचं विचारलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "आठे बोट कोठे शे, भाऊ?" विहीणबाईंना अहिराणी कळत नाही. हसणं कळलं.

व्याही शांत माणूस. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला. त्यांनी माझ्या मोबाइलवरचं पत्रक मागून घेतलं, दोन बोटांनी फोटो मोठा केला, समोर पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाले, "ताई, यातले डोंगर कुठे गेले?" मी फोटोकडे पहिल्यांदा त्या नजरेने पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. ते डोंगर मला चांगले ओळखीचे होते. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेलेय. तो फोटो नाशिकच्या गंगापूर धरणावरच्या बोट क्लबचा होता.

तिथूनच त्याला फोन लावला. "मॅडम, पावसाळ्यात असते बोट." मी म्हटलं, फोटो गंगापूरचा आहे. तर म्हणतो, "फोटो फक्त प्रतीकात्मक असतो मॅडम." प्रतीकात्मक! हा शब्द मी त्याला शिकवलेला नाही.

व्याह्यांनी बिचाऱ्यांनी विषय बदलायला म्हणून विचारलं, मग पाणी जातं कुठे? ते मात्र मी सविस्तर सांगितलं. धरण झालं 1969 साली, साठवण साडेएकवीस टीएमसी. नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्यात मोठ्या धरणांपैकी हे, पण कालव्यांचं पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याला. हिवाळ्या-उन्हाळ्यात आवर्तनं सुटतात, मालेगाव पितं, आमची छप्पन गावांची योजनाही इथूनच चालते. शिवाय वर चणकापूर धरण भरल्याशिवाय खाली फारसं येत नाही. 2019 पासून सलग चार वर्षं धरण भरलं, 2023 ला निम्म्याच्या आसपास अडकलं. धरण आमच्या तालुक्यात आणि नळाला पाणी कैक दिवसांनी, हे नांदगावकरांचं जुनं दुखणं. व्याही मन लावून ऐकत होते. विहीणबाई पदराने वारा घेत होत्या.

नस्तनपूर ठीक झालं. मंगळवार असल्यामुळे गर्दी नव्हती, दर्शन पाच मिनिटांत. एरवी शनिवारी रांग लागते, आणि शनी अमावास्येला तर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. साडेतीन शनिपीठांत याची गणना होते, आणि मूर्तीची स्थापना प्रभू रामचंद्रांनी केली असं आमच्याकडे मानतात. जवळच जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. ते पाहू म्हटलं तर ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं त्याच्या, माझ्या नव्हे: धरण गावाच्या उत्तरेला, नस्तनपूर पूर्वेला चाळीसगावच्या वाटेवर, वेरूळ खाली आग्नेयेला. एका दिवसात तीन दिशा. भूगोलाचे ते काठावरचे गुण इथे दिसले.

जेवायला त्याच्या ठरलेल्या ढाब्यावर. शेवभाजी तिखटजाळ, पुण्याच्या माणसांचे डोळे पाण्याने भरले. त्या दिवसात जवळून पाहिलेलं पाणी तेवढंच.

मग कासारीच्या बाजूने शिऊर बंगल्याकडे निघालो. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी आल्यापासून या रस्त्यावर मालट्रक वाढले आहेत, त्यांच्या मागे रांगत जावं लागतं. वेळ जावा म्हणून मी विहीणबाईंना सांगत होते की एके काळी वेरूळला जाणारे गोरे साहेब आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरायचे आणि इथून टांग्याने जायचे. मनमाडहून औरंगाबादकडची लाइन सुरू झाली 1900 साली, तोवर वेरूळचा दरवाजा म्हणजे नांदगाव. त्या पहिल्यांदाच "हो का?" म्हणाल्या. मला वाटलं, चला, दिवस सावरला.

वेरूळच्या फाटकाशी वाहनतळ मोकळा. टोपीवाले, माळावाले कुणीच नाहीत, एक कुत्रं सावलीत पसरलेलं. तेव्हाच पोटात गोळा आला. रखवालदार उठलासुद्धा नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "आज मंगळवार, बाई."

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितेय. ड्रायव्हरने गाडीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी बोलायच्या आत तो म्हणाला, "मॅडमनाच मंगळवार पाहिजे होता. मी काय करणार?" व्याही, विहीणबाई, माझी लेक, सगळ्यांच्या देखत! वर विहीणबाईंना उद्देशून, "मावशी, गेटमधून फोटो काढून घ्या, मागचा डोंगर दिसतो." चौतीस लेण्यांचा, कैलासासारख्या एकसंध कातळातून कोरलेल्या मंदिराचा, 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या जागेचा फोटो म्हणे गेटमधून. मी मोबाइल काढून त्याचा तो मेसेज तिथेच सगळ्यांना वाचून दाखवला. लेकीने डोळ्यांनी दटावलं. दटावू दे. खोटं ऐकून घ्यायची सवय मला नोकरीतही नव्हती.

दिवस वाचवला तो घृष्णेश्वराने. देऊळ लेण्यांपासून जवळ, मंगळवारी उघडं, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. गाभाऱ्यात जायला पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे व्याह्यांना दारात कळलं. त्यांनी निमूट काढला. माणूस खरंच चांगला आहे.

परत आल्यावर पैशांचं विचारलं. बोटिंग झालं नाही, लेणी झाली नाहीत, त्यातले काही तरी परत कर. उत्तर: "डिझेल तर जळलंच ना मॅडम?" आजतागायत एक पैसा नाही.

आता ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. कपाटावर खडूने लिहून ठेवा. गाडीवाला काहीही म्हणो.

गिरणा धरण पाहायचं तर पावसाळा सरताना या, सप्टेंबर ते डिसेंबर. निघण्याआधी पेपरात धरणाचा टक्का बघा. जळगावच्या पेपरात तो हमखास छापून येतो, त्यांचा जीव त्यात अडकलाय. संध्याकाळी जा, सावली नाही. दरवाजे उघडले असतील तर खालच्या पात्रात सेल्फीसाठी उतरू नका. आणि उन्हाळ्यात काठाच्या गाळात पाय घालू नका, वरून कोरडा दिसतो, आत लोणी असतं.

एका दिवसात एकच दिशा. नस्तनपूर केलं तर त्याच अंगाला चाळीसगाव, पाटणादेवी, जमलं तर पितळखोरे. दक्षिणेला जायचं तर माणिकपुंजचं धरण आणि किल्ला, जातेगावचा पिनाकेश्वर. पिनाकेश्वराचा डोंगर श्रावणात पाहावा, हिरवागार असतो, मात्र श्रावणी सोमवार टाळा. नवस असेल तर टाळू नका. वेरूळला स्वतंत्र दिवस द्या, कैलास घाईत उरकायची गोष्ट नाही.

खरोखर बोटीतच बसायचं असेल तर नाशिकला गंगापूर धरणावर जा, फोटोतले डोंगरही तिथेच आहेत. पक्षी पाहायचे तर थंडीत निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, 2020 साली जाहीर झालं. काळवीट पाहायची तर येवल्याकडे ममदापूर. नांदगावला तळ ठेवून हे सगळं होतं, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

रेल्वेने येणार असाल तर गाडी नांदगावला थांबते का ते आधी बघा. बऱ्याच गाड्या शिट्टी मारून निघून जातात. मनमाडला उतरा, तिथून पंचवीसेक किलोमीटर.

पाणी, टोपी, औषधं बरोबर ठेवा. उन्हात म्हाताऱ्या माणसांना फिरवू नका. ढाब्यावर तिखट कमी सांगा, तरी तिखटच येईल.

गाडीवाल्याला पैसे अर्धे आधी, अर्धे घरी परतल्यावर. पत्रकात बोट दिसली तर विचारा, बोट कुणाची, तिकीट कुठे मिळतं, फोन नंबर काय. नंबर देताना अडखळला की दुसरी गाडी बघा. ठरलेलं सगळं मेसेजवर घ्या, तोंडी काही नको. माझ्याकडे तो एक मेसेज होता म्हणून आज विहीणबाई माझ्या बाजूने बोलतात. फोनवर परवाच म्हणाल्या, "तुमचा तो विद्यार्थी भलताच निघाला हो." विद्यार्थी माझा, हे त्या विसरत नाहीत, ते जाऊ दे.

आणि ओळखीच्या माणसाला गाडी सांगू नका. अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं.