मे महिन्यातली कणीक

पुसदच्या एका वाचकाची बारावी झाली आहे. बेकरी काढायची, तर रीतसर शिकावे की थेट भट्टीवर राबावे, हा त्याचा प्रश्न.

दोन्ही करावे, पण आधी शिक्षण. आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा १ वर्षाचा ट्रेड आहे; तो प्रत्येक आयटीआयत नसतो, तेव्हा अर्जाआधी चौकशी करावी. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट परिषदेची बेकरी पदविकाही मिळते. ती दीड वर्षाची, त्यातले शेवटचे ६ महिने प्रत्यक्ष कामावर.

वर्गात हिशेब पक्का होतो. बेकरीत मैदा १०० धरून बाकी सगळे टक्क्यांत मोजतात : १० किलो मैद्याला २ टक्के मीठ, म्हणजे २०० ग्रॅम. ‘अंदाजपंचे’वाल्या कारागिराचा पाव रोज वेगळा निघतो, तो इथेच.

यवतमाळचा उन्हाळा मात्र पुस्तकात नसतो. पावाची कणीक मळून झाल्यावर साधारण २६-२७ अंशांवर हवी. मेमध्ये पारा ४४ गाठतो, यीस्ट उधळते, पाव आंबूस होतो. म्हणून बर्फाचे पाणी वापरतात, यीस्ट कमी घेतात. खारीच्या घड्यांतली चरबी वितळू नये म्हणून ते काम पहाटेच उरकलेले बरे.

दुकान उघडण्यापूर्वी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो.