लुंबिनीला निघण्यापूर्वी लेकरांचे लसीकरण कार्ड काढा



२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आज आपल्या देहू, देहूरोड, चाकण भागातली कितीतरी कुटुंबे वर्षभर पैसे साठवून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी बघायला जातात. सामानाच्या यादीत स्वेटर, चटई, चिवडा सगळे असते. लेकरांचे लसीकरण कार्ड मात्र नसते.

लुंबिनी नेपाळात आहे. पण सोनौलीची सीमा ओलांडताना आपल्याला व्हिसा लागत नाही, लसीचा दाखला कोणी मागत नाही. त्यामुळे आपण मुलांना घेऊन परदेशी चाललो आहोत, हे ध्यानातच येत नाही.

मागे अशाच सहलीहून परतल्यावर आठवड्याभराने आमच्या वस्तीतले सहा वर्षांचे पोर तापाने फणफणले. टायफॉइड निघाला. आईचे खाडे झाले आणि सहलीपेक्षा जास्त पैसे दवाखान्यात गेले. म्हणून एवढे करा :

१. निघण्याच्या सहा आठवडे आधी कार्ड घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. लस टोचल्यावर शरीरात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. काही लसींच्या दोन डोसांत चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते.

२. आधी मोफत लसी पूर्ण करा. गोवर-रुबेला ९ महिन्यांनी आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत. टीडी १० व १६ व्या वर्षी. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराने बालके दगावली, ते विसरू नका. बाळ ९ महिन्यांपेक्षा लहान असेल तर गोवराच्या लसीबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

३. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, खासगीत विकत घ्याव्या लागतात. टायफॉइडची नवी लस ६ महिन्यांपासून देता येते, एकच इंजेक्शन असते. हिपॅटायटिस ए वर्षानंतर. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर आधी कोणती, हे स्पष्ट विचारा. लस घेतली तरी पाणी उकळलेले किंवा सीलबंदच प्यावे.

४. गोरखपूर, कुशीनगर आणि नेपाळची तराई हा भातशेतीचा, जपानी मेंदूज्वराचा पट्टा आहे. हा आजार डासांमुळे होतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. काही जिल्ह्यांत ही लस मोफत मिळते. कार्डावर ‘जेई’ची नोंद आहे का पाहा, नसेल तर विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी.

५. काठमांडूला स्वयंभूनाथला गेलात तर माकडे फार आहेत. माकड किंवा कुत्रा चावला, ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. घरी परतेपर्यंत थांबू नका.

डोस चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे देता येतो. कार्ड हरवले म्हणून सिस्टर ओरडतील, या भीतीने पुष्कळ आया येतच नाहीत. मी स्वतः नर्स होते. आमच्यातल्या काही जणी ओरडतात, मान्य. तरीही जा. लस हा तुमच्या लेकराचा हक्क आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!