शेतकाम करणाऱ्यांच्या त्वचेसाठी सनस्क्रीनची निवड

शेतीचे बहुतेक काम उघड्यावर चालते. उन्हाळी नांगरट, रब्बी कांद्याची काढणी, द्राक्षाची खरड छाटणी ही कामे चैत्र-वैशाखातील उन्हातच उरकावी लागतात. चेहरा रापणे, गालांवर वांग उठणे या तक्रारी त्यामुळे खेडोपाडी नेहमीच्याच होत. सनस्क्रीन मलमे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. परंतु जाहिरात पाहून घेतलेले मलम शेतकऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी 'बी' किरणांनी त्वचा भाजते. 'ए' किरण अधिक खोल जाऊन ती काळवंडवितात व सुरकुत्या आणतात. नळीवरील 'एसपीएफ' हा आकडा मुख्यतः 'बी' किरणांविषयी असतो. एसपीएफ ३० असलेले मलम भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडविते व ५० असलेले सुमारे ९८ टक्के. म्हणून निव्वळ मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. 'ए' किरणांसाठी 'पीए' या अक्षरांपुढील अधिक चिन्हे पाहावीत. ती तीन तरी असावीत.

हे संरक्षण मलम भरपूर लावले तरच मिळते. चेहरा व मान यांना मिळून सुमारे अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अंदाजे अडीच ग्रॅम मलम लागते, आणि घामाने ते जात असल्याने दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. दिवसातून चार वेळा लावल्यास ५० ग्रॅमची नळी पाच दिवसांत संपेल. हा खर्च कोणत्या शेतमजुरास परवडणार? म्हणून संरक्षणाचा मुख्य भार कापडावर टाकावा व कापड जेथे पोचत नाही तेवढ्याच भागास मलम लावावे.

कापड घट्ट विणीचे व पूर्ण बाह्यांचे असावे. विरलेले किंवा भिजलेले सुती कापड किरण अधिक आत सोडते. गांधी टोपीने कान व मान उघडी राहतात. फेट्याचा शेमला मानेवर सोडावा अथवा रुंद काठाची टोपी घालावी. साडीवर पुरुषी सदरा घालून शेतात काम करण्याची स्त्रियांची रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. मग नाक, गाल व हातांची पाठ एवढ्यासाठीच मलम लागते.

तेलकट त्वचेस पातळ लोशन किंवा जेल घ्यावे. घट्ट मलमावर शेतातील धूळ चिकटून बसते. कोरड्या त्वचेस क्रीम चांगले. लवकर चुरचुरणाऱ्या त्वचेस झिंक ऑक्साइडचे, बिनवासाचे मलम मानवते. त्याने सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थर दिसतो खरा, पण गुण कमी होत नाही. वांग असल्यास लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे मलम घ्यावे. वांग गडद करणारा दृश्य प्रकाशही त्याने काही अंशी अडतो. कोडाचे डाग लवकर भाजतात, त्यांना जपावे. गोरे करणाऱ्या मलमांच्या मात्र नादी लागू नये. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते व त्याने त्वचा पातळ होऊन उन्हास अधिकच नाजूक बनते. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्यानेही फोड व काळे डाग येतात.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी: त्रास उन्हाचाच आहे काय? १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले गाजरगवत आज बांधाबांधावर माजले आहे. त्याच्या सूक्ष्म कणांनी उघड्या त्वचेस खाज सुटून ती जाड व काळी पडते आणि रोगी उन्हास दोष देतो. उन्हाने भाजल्यास हनुवटीखालचा व कानामागचा भाग बहुधा सुटतो. गाजरगवताच्या त्रासात पापण्या, कानामागची जागा, मानेच्या व कोपराच्या वळ्या यांनाही इजा होते. ही खूण ढोबळ आहे, कारण जुन्या दुखण्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा रोग्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मलम सुचवू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि घराभोवतालचे गवत फुलोऱ्यापूर्वी दुसऱ्याकडून उपटवून घ्यावे. कोकणात लेप्टोस्पायरोसिससाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिननेही त्वचा उन्हात लवकर भाजते. तथापि त्यासाठी गोळी परस्पर बंद करू नये, अंग झाकावे.

फवारणी करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. काही सनस्क्रीन द्रव्यांमुळे २,४-डी हे तणनाशक त्वचेतून अधिक प्रमाणात शोषले जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. मलम औषधापासून वाचविते हा समज म्हणूनच घातक होय. फवारणीच्या दिवशी उन्हापासूनही रक्षण कापडानेच करावे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, आणि काम संपल्यावर साबणाने स्नान करून ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.