तक्रार गेली असोसिएशनकडे

बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरांच्या खुर्चीमागे दोन-तीन प्रमाणपत्रं चौकटीत लावलेली असतात. एक पदवीचं, एक मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं आणि एक डॉक्टरांच्या संघटनेच्या सदस्यत्वाचं. तिन्हींवर बोधचिन्ह, तिन्हींवर सही-शिक्का. समोर बसलेल्या रुग्णाला तिन्ही सारखीच वजनदार वाटतात. पण नोंदणी नसेल तर डॉक्टरांना साधी गोळीसुद्धा कायद्याने लिहून देता येत नाही. सदस्यत्व नसेल तर मात्र काहीच अडत नाही. हा फरक माझ्या मावशीच्या घराला फार उशिरा कळला, आणि त्या उशिराची किंमत मोठी होती. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

मावशी सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहते. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिथल्याच एका खासगी रुग्णालयात तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर चार दिवसांत डोळे पिवळे दिसू लागले, अंगाला खाज सुटली. दाखवायला नेलं तर औषधं बदलून मिळाली, तपासणी काही झाली नाही. शेवटी पुण्याला हलवलं तेव्हा पित्तनलिकेला इजा झाल्याचं कळलं आणि दुसरी, पहिलीपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागली.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पित्तनलिकेला इजा होणं हा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे. कुशल हातांकडूनही अशी इजा होते. इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कुणी समजू नये. घरच्यांचे प्रश्न वेगळे होते. हा धोका आधी समजावून सांगितला होता का? संमतीपत्रावर त्याचा उल्लेख होता का? आणि कावीळ दिसल्यावर साधी सोनोग्राफी का झाली नाही? ही उत्तरं केस पेपरमध्ये सापडणार होती, आणि हातात होतं फक्त डिस्चार्ज कार्ड आणि बिल.

मावसभावाने चार पानी तक्रार लिहिली. औषध कंपनीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सुचवलं म्हणून ती डॉक्टरांच्या एका संघटनेच्या स्थानिक शाखेकडे दिली. शाखेच्या अध्यक्षांनी ती सौजन्याने वाचली. एका रविवारी त्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं, चहा झाला, सर्जनने झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ‘आम्ही आत चर्चा करतो’ असं सांगण्यात आलं. मग अध्यक्षांची मुदत संपली, नवे अध्यक्ष आले, कागद पुन्हा द्यावे लागले. कुणी उद्धटपणे बोललं नाही की कुणी हाकलून दिलं नाही, आणि म्हणूनच घरचे आशेवर राहिले. मावसभावाने फाइल माझ्याकडे आणली तेव्हा शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेलं होतं.

त्या शाखेने फसवलं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे चौकशीचा अधिकार नव्हता, हे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं, एवढंच म्हणणं आहे.

डॉक्टरांच्या संघटना कशासाठी असतात, हे समजून घेतलं तर अपेक्षाही योग्य राहतात. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, १९२८ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. ती स्वेच्छेने सभासद होण्याची संस्था आहे. सभासदांसाठी व्याख्यानं, साथीच्या काळात आणि आपत्तीत शिबिरं, सरकारपुढे डॉक्टरांची बाजू मांडणं, डॉक्टरांवर हल्ला झाला की रस्त्यावर उतरणं, ही तिची कामं. यातली बरीचशी समाजाच्याही उपयोगाची आहेत. पण ती बाजू डॉक्टरांचीच असते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयात लढली ती आयएमएच. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल संघटनेच्या विरोधात दिला, आणि तेव्हापासून पैसे मोजून उपचार घेणारा रुग्ण ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. आपल्या सभासदांसाठी लढणं हे संघटनेचं कामच आहे. पण मग रुग्णाच्या तक्रारीचा निवाडा तिच्याकडून मागायचा कसा?

निवाड्याचं काम कौन्सिलचं. हा आराखडा इंग्लंडातून आला. तिथे डॉक्टरांची संघटना १८३२ मध्ये उभी राहिली आणि नोंदणी व शिस्तीसाठी वेगळी जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ च्या कायद्याने आली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९१२ मध्ये झाला. आज महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याखालची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल हे काम पाहते. तिचं कार्यालय मुंबईत चिंचपोकळीला आहे. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल आहे. देशपातळीवर मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया होती. २५ सप्टेंबर २०२० पासून तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. कौन्सिल डॉक्टरचं नाव नोंदपुस्तकात घालते आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ताकीद देते, काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढते. हा अधिकार किती खरा आहे, याचं एक उदाहरण आयएमएशीच संबंधित आहे. संघटनेने एका शीतपेय कंपनीच्या फळांच्या रसाची आणि ओट्सची शिफारस करण्याचा करार केला होता. त्याबद्दल २०१० मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई केली. याच २०१० मध्ये खुद्द कौन्सिलच्या अध्यक्षांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली आणि केंद्र सरकारने ती कौन्सिल बरखास्त केली, हेही विसरता येत नाही. अधिकार योग्य ठिकाणी असणं आणि तो योग्य रीतीने वापरला जाणं या दोन गोष्टींसाठी लोकांनाच जागं राहावं लागतं.

लोकांचा गोंधळ व्हायला कारणंही आहेत. दोन्हीकडे माणसं तीच असतात. डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी आयएमएचंही अध्यक्षपद भूषवलं आणि मेडिकल कौन्सिलचंही. शिवाय कौन्सिल एकच नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजे एमएमसी, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची. आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी, परिचारिकांची नर्सिंग कौन्सिल, फार्मासिस्टांची फार्मसी कौन्सिल, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची आणखी एक. मावशीच्या प्रकरणात हे प्रत्यक्ष दिसलं. शस्त्रक्रिया करणारे सर्जन एमएमसीकडे नोंदलेले होते. रात्रपाळीला वॉर्डात असलेले डॉक्टर आयुर्वेदाचे, बीएएमएस होते, म्हणजे त्यांच्याबद्दल काही म्हणायचं तर कौन्सिलच दुसरी.

हे ओळखायचं कसं? शिक्का नीट वाचून. केस पेपरच्या तळाशी जांभळ्या शाईचा, अर्धा पुसलेला शिक्का असतो, त्यात नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. एमएमसीच्या अलीकडच्या क्रमांकात आधी वर्ष, मग महिना आणि मग अनुक्रमांक अशी तिरक्या रेघांनी वेगळी केलेली रचना दिसते. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसतेच आकडे असतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचा क्रमांक सहसा ‘आय’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. डॉक्टरांनी आपला क्रमांक दवाखान्यात लावावा आणि प्रिस्क्रिप्शन, दाखले व पावत्यांवर छापावा, असं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत लिहिलेलं आहे. क्रमांक मिळाला की कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, म्हणून मुदतही पाहावी. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी हे करायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्यात डॉक्टरांचा कोणताही अपमान नाही. क्रमांकच सापडत नसेल तर गोष्ट गंभीर आहे. नोंदणीशिवाय ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तिथे थेट पोलीस व स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं असतं.

आता कागदांचं. आमच्या सगळ्या धडपडीत सर्वात जास्त उपयोग झाला तो २००२ च्या याच नियमांतल्या एका तरतुदीचा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितले तर उपचारांचे कागद ७२ तासांच्या आत द्यायला हवेत. तोंडी विचारणा करून मावसभाऊ किती वेळा परत आला होता. मावशीच्या सहीचा अर्ज नियमाचा उल्लेख करून दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि कागद मिळाले. संमतीपत्र, भुलीची नोंद, ऑपरेशनची टिपणं, नर्सच्या नोंदी, सगळ्यांच्या प्रती. ज्या संमतीपत्रासाठी घरचे वर्षभर थांबले होते ते एका पानाचं होतं. त्यात छापील मजकूर होता, धोक्यांची जागा कोरी होती, आणि खाली मावशीची थरथरती सही. आंतररुग्णांचे कागद तीनच वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे. म्हणून कुणाचंही मन वळवण्याच्या आधी, भांडण असो वा नसो, कागद मागून घ्यावेत.

मग तक्रार कुठे, हे आपल्याला काय हवं आहे त्यावर ठरतं. डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी हवी असेल तर त्याची कौन्सिल. तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय व्हावा असं नियम सांगतो. तक्रारीत तारीखवार घटना असाव्यात, प्रत्येक म्हणण्यासमोर त्याचा कागद असावा. विशेषणं शक्य तेवढी गाळावीत. मात्र कौन्सिल एक रुपयाही भरपाई देऊ शकत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, आणि तिथे घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. उशीर सबळ कारणाशिवाय माफ होत नाही. रुग्णाने भरलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. सर्वांवरच मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयातल्या सेवेला मात्र हा मार्ग नाही. संघटनेच्या दारात गेलेलं वर्ष या दोन वर्षांतूनच वजा झालं होतं, आणि मावशीचा अर्ज मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले असताना दाखल झाला.

पोलिसांकडे धाव घेण्याची घाई अनेकांना होते. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्या क्षेत्रातल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यावं. आणि गर्दी जमवून काचा फोडणं हा तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याने खरी तक्रारही मातीत जाते. बिल, दरपत्रक, मृतदेह अडवून ठेवणं असे प्रश्न कौन्सिलचे नाहीत. ते नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे न्यायचे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे.

आरोग्यसेवेत काम करणाऱ्या तरुण मुला-मुलींनाही संघटना आणि कौन्सिल यांतला हा फरक लक्षात ठेवा असंच सांगणं आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी नर्स आहे. परिचारिकांच्या संघटनेची वर्गणी ती न चुकता भरते, मोर्चालाही जाते, आणि ते योग्यच आहे. वेतन आणि ड्युटीचे तास यासाठी संघटनाच लढते. पण परदेशी नोकरीसाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा तिकडच्या नियामकाने राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचा पडताळा मागितला, आणि तिच्या नोंदणीची पाच वर्षं संपून गेली होती. नूतनीकरण, शिक्षणाच्या तासांचे दाखले, मग पडताळा, यात हातातली संधी गेली. डॉक्टरांनाही नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. हे दाखले ज्या त्या वर्षी जमवून एका फोल्डरमध्ये ठेवावेत. आणि संघटनेत पदावर असणाऱ्यांना विनंती आहे की रुग्णाची तक्रार आली तर चहा जरूर द्या, पण त्याच बैठकीत कौन्सिलचा पत्ता आणि ग्राहक आयोगाची मुदत एका कागदावर लिहून द्या.

कौन्सिलपुढचं आणि ग्राहक आयोगापुढचं अशी मावशीची दोन्ही प्रकरणं सुनावणीला आहेत, म्हणून सर्जनचं वा रुग्णालयाचं नाव इथे लिहिलेलं नाही. कौन्सिलच्या निर्णयावरच्या अपिलाची मात्र मला काळजी वाटते. २००२ च्या नियमांत नाराज झालेल्या कोणालाही ६० दिवसांत वर दाद मागता येत होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३० मध्ये त्या आयोगाच्या मंडळाकडे अपील करण्याचा हक्क फक्त डॉक्टरचा लिहिलेला आहे, रुग्णाचा उल्लेखच नाही. ही त्रुटी संसदेने दुरुस्त करायला हवी आणि रुग्णांच्या संघटनांनी ती मागणी लावून धरायला हवी. तोवर पहिली सुनावणी हीच शेवटची आहे असं धरून तयारी करावी लागते. म्हणून पुण्याच्या सर्जनने दुसऱ्या शस्त्रक्रियेत काय दिसलं त्याचा लिहिलेला अहवाल आम्ही मागाहून देण्यासाठी राखून ठेवला नाही. कोऱ्या संमतीपत्राच्या प्रतीसोबत तो मूळ अर्जालाच जोडला.