मजल्यांवरची शेती आणि उन्हाचा हिशेब

भडगावजवळ गिरणेच्या काठी कोणाचे एक एकर रान आहे असे समजा. गिरणा धरणातून आवर्तन सुटले तर पाटाचे पाणी, न सुटले तर विहिरीच्या तळाशी असेल ते. परदेशांत बंद इमारतीत एकावर एक दहा मजले रचून, मातीशिवाय आणि अगदी थोड्या पाण्यात भाजी पिकवतात, असे या रानाच्या मालकाने ऐकले, तर त्याच्या मनात प्रश्न येणारच : माझ्या एका एकराचे दहा एकर होतील काय? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर गणिताने काढता येते, आणि ते गणित तुम्हांला सहज जमेल असे आहे.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिए यांनी विद्यार्थ्यांसह एक हिशेब मांडला. शहरातल्या गच्च्यांवर पिके घेतली तर किती लोकांचे पोट भरेल? उत्तर आले, अगदीच थोड्यांचे. तेव्हा नुसती गच्ची कशाला, सारी इमारतच शेताला द्यावी, असा विचार पुढे आला. हीच उभी शेती. हिच्यात रोपांची मुळे खते विरघळवलेल्या पाण्यात असतात, किंवा अधांतरी ठेवून त्यांच्यावर त्या पाण्याचा फवारा मारतात. उजेड विजेच्या दिव्यांचा.

पाण्याची बचत मात्र खरी आहे. रोप मुळांनी घेतलेले बहुतेक सारे पाणी पानांवरील रंध्रांवाटे वाफेच्या रूपाने सोडून देते. शेतात ही वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. बंद खोलीत ती थंड नळ्यांवर दवासारखी जमते आणि परत टाकीत येते. त्यामुळे मोकाट पाणी देण्याच्या मानाने पालेभाजीला नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी वाचू शकते. शिवाय गारपीट नाही, वादळ नाही, कीड जवळजवळ नाही. केळीच्या बागा वादळात आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

आता उजेडाकडे वळू. मजले वाढवले की जमीन वाढते. ऊन वाढत नाही. आपल्या एकरावर पडणारे ऊन तेवढेच राहते आणि ते वरच्या मजल्यावरच अडते. खालच्या नऊ मजल्यांना दिवे लावावे लागतात. बंद इमारतीत तर दहाही मजल्यांना.

एक किलो सुकलेल्या वनस्पतीत सुमारे पावणेपाच युनिट ऊर्जा साठलेली असते. घरच्या वीजबिलात असते तेच हे युनिट. चांगला एलईडी दिवा विजेपैकी साधारण ५५ टक्के भागाचा उजेड करतो, बाकीची उष्णता होते. त्या उजेडापैकी रोप फार तर ५ टक्के साठवते, असे आपण उदारपणे धरू. म्हणजे शंभर युनिट वीज दिली तर रोपात पावणेतीन युनिट उतरतात. यावरून एक किलो कोरडा माल तयार करण्यास सुमारे १७० युनिट वीज लागते.

पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. एका किलोत कोरडा भाग जेमतेम ९० ग्रॅम, म्हणून वीज लागेल सुमारे १५ युनिट. ज्वारीचे तसे नाही. एक किलो दाण्यात ९०० ग्रॅम कोरडा भाग असतो, आणि निदान तितकाच कडबा बरोबर वाढवावा लागतो. वीज होते ३०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले, तर पालकाच्या किलोमागे १२० रुपये आणि ज्वारीच्या किलोमागे २,४०० रुपये केवळ उजेडाचे! दिव्यांच्या उष्णतेने तापलेली खोली खानदेशच्या मे महिन्यात थंड ठेवण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

कोणी म्हणेल, सौर वीज वापरू. आपल्याकडे एक चौरस मीटर सौर पॅनेलपासून दिवसाला सरासरी एक युनिटच्या आसपास वीज मिळते. पालकाच्या एक चौरस मीटर वाफ्यावरील दिव्यांना मात्र दीड युनिटाच्या जवळपास लागते. दहा मजल्यांच्या एका एकरासाठी पंधरा एकरांवर पॅनेल पसरावी लागतील. जमीन वाचवावयास निघालो आणि पंधरा एकर झाकून बसलो, असा हा प्रकार!

गव्हाचाही हिशेब झालेला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानुसार दहा थरांच्या बंद शेतीत एका हेक्टर जागेवर वर्षाला सुमारे ७०० टन गहू निघू शकेल; त्या निबंधात जगाची सरासरी हेक्टरी ३.२ टन धरली होती. आकडा डोळे दिपवणारा खरा, परंतु हा गहू बाजारभावात बसणार नाही, हेही त्याच शास्त्रज्ञांनी लिहिले. नुसती पालेभाजी पिकवणाऱ्यांनाही हे सोपे गेले नाही. अमेरिकेतील एरोफार्म्स या नावाजलेल्या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बोवरी ही कंपनी २०२४ मध्ये बंद पडली.

मग दिव्याखालची शेती खानदेशात नाहीच काय? आहे. जळगावच्या जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने केळीची रोपे तयार होतात. कंदाच्या कोंबाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत ठेवतात, आणि अशा बाटल्या मांडण्यांवर, दिव्यांखाली, थराथराने रचलेल्या असतात. येथे हा खर्च परवडतो, कारण बोटभर रोपाला जागा थोडी लागते, उजेड मंद चालतो, आणि रोप पुढे वर्षभरात मोठा घड देते. गंमत म्हणजे बाटलीतले रोप मुख्यतः उजेडावर जगतच नाही. त्याच्या खाद्यात साखर घातलेली असते. नंतर ते हरितगृहात आणि शेडनेटखाली उन्हावाऱ्याला सरावते व अखेर शेतात जाते. तेथे त्याला ठिबकने मोजून पाणी मिळते आणि ऊन फुकट मिळते.

मांडणीवरचा आणखी एक प्रकार दुष्काळात महाराष्ट्रात बराच पसरला : ट्रेमध्ये मका भिजवून आठ-दहा दिवसांत हिरवा चारा काढणे. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो, असे सांगतात आणि ते खोटे नाही. पण वाढलेले वजन कशाचे, हे तुम्ही घरी तपासू शकता. शंभर-शंभर ग्रॅम गव्हाच्या दोन वाटण्या करा. एक वाटणी तशीच कडक उन्हात वाळवून तोला. दुसरी रात्रभर भिजवा, ताटात पसरा, वरचेवर पाणी शिंपडा आणि खोलीत सावलीला आठ दिवस वाढू द्या. हिरवे अंकुर मुळांसकट तोला. वजन कित्येक पट भरेल. मग ते पूर्ण खडखडीत होईपर्यंत उन्हात वाळवा आणि पुन्हा तोला. हे वजन पहिल्या वाटणीपेक्षा थोडे कमीच येईल. दाण्यातील पिठूळ साठ्याचा काही भाग अंकुराने श्वसनात खर्च केला, आणि खोलीतल्या अंधुक उजेडात तो भरून काढण्याइतकी कमाई त्याला झाली नाही.