हाताचा मेळा, यंत्राची साथ

प्रस्तावना

जत्रा, उरूस आणि मेळे यांच्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. जत्रेत कोणी नुसता प्रेक्षक नसतो. तो गर्दीतून वाट काढतो, वस्तू हातात घेऊन पारखतो, घासाघीस करतो, ढोलाच्या ठेक्यावर नकळत पाय हलवतो. अलीकडे अशा लोकोत्सवांत प्रकाशयोजना, ध्वनिवर्धक, मोठे पडदे, चलचित्रे आणि मोबाइल यांचा वापर वाढला आहे. या साधनांमुळे उत्सव देखणे झाले, हे खरे. पण यंत्र लोककलेला उजळते की झाकोळते, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. फरीदाबाद येथील सूरजकुंड मेळ्याच्या आधारे प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• सूरजकुंड मेळ्याचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल;
• नुसते पाहणे आणि अनुभवात सहभागी होणे यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• लोककलेच्या सादरीकरणात तंत्रज्ञानाचे उपयोग व मर्यादा सांगता येतील;
• आपल्या परिसरातील एखाद्या कला-उपक्रमाची आखणी करता येईल.

मूळ पाठ

१. यंत्रांच्या शहरातील मेळा

हरियाणातील फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. ट्रॅक्टरपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत अनेक वस्तू येथे तयार होतात. देशाच्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्या पुनर्वसनाच्या कामात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन या संस्थेचा मोलाचा वाटा होता. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याची धुराही कमलादेवींनीच वाहिली. अशा रीतीने कारखान्यांच्या या नगरीचे हस्तकलेशी असलेले नाते तिच्या उभारणीच्या काळापर्यंत मागे जाते.

याच शहराच्या हद्दीत, अरवलीच्या खडकाळ टेकड्यांमध्ये सूरजकुंड हा प्राचीन जलाशय आहे. तोमर वंशातील राजा सूरजपाल याने दहाव्या शतकात तो बांधला, असे परंपरा सांगते. जलाशयाला अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर उभे राहिले की एखाद्या खुल्या नाट्यगृहात आल्यासारखे वाटते. या कुंडाच्या परिसरात १९८७ साली हस्तकलांचा मेळा सुरू झाला. तो साधारणपणे फेब्रुवारी महिन्यात भरतो आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ चालतो. २०१३ साली त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. दरवर्षी एका किंवा अधिक राज्यांना ‘थीम स्टेट’चा, म्हणजे प्रमुख पाहुण्या राज्याचा मान मिळतो. महाराष्ट्राला हा मान २००६ साली आणि पुन्हा २०१९ साली मिळाला.

२. पाहणे आणि सहभागी होणे

संग्रहालयात वस्तू काचेच्या पेटीत असते. तिच्याखाली नाव आणि काळ लिहिलेला असतो. पाहणारा वाचतो व पुढे जातो. दुकानात वस्तू हाताळता येते. मात्र ती करणारा कारागीर तेथे नसतो. मेळ्यात या दोन्ही उणिवा भरून निघतात. सूरजकुंड येथे गवताने शाकारलेल्या झोपडीवजा दुकानांची रांग असते. तेथे विणकर, कुंभार, चित्रकार आणि धातुकाम करणारे कारागीर आपापल्या वस्तूंसह बसतात. ग्राहकाने किंमत विचारली की संवाद सुरू होतो. हे सूत कोणते, हा रंग कशाचा, याला किती दिवस लागले, असे प्रश्न निघतात. उत्तर देताना कारागिराचे हात चालू राहतात. त्या काही मिनिटांत वस्तूचे मोल ग्राहकाला आपोआप उमगते.

मेळ्यात लोकनृत्ये आणि लोकसंगीत ‘चौपाल’ नावाच्या खुल्या मंचावर सादर होते. चौपाल म्हणजे उत्तर भारतातील गावचावडी. ‘अपना घर’ हेही येथील वैशिष्ट्य आहे. थीम स्टेटमधील एक कुटुंब मेळ्याच्या काळात एका घरात राहते आणि आपली राहणी पाहुण्यांपुढे उलगडते. प्रेक्षक उंबरठा ओलांडून आत येतो, त्या क्षणी तो पाहुणा होतो. आजकाल ‘अनुभवात बुडवून टाकणारे’ कार्यक्रम असे ज्यांचे वर्णन केले जाते, त्यांचा गाभा हाच आहे. प्रेक्षकाला खुर्चीत न बसवता त्याला त्या जगात शिरू देणे, हे त्यांचे सूत्र होय. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज असतेच असे नाही.

यंत्रे मेळ्यात नाहीत, असेही नाही. २०१५ साली मेट्रो रेल्वे फरीदाबादपर्यंत पोहोचली आणि राजधानीतून या शहराकडे येणे सुलभ झाले. घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. दुकानदाराच्या समोरील चौकोनी कोडवर मोबाइल धरला की पैसे थेट त्याच्या खात्यात जमा होतात. सुट्या पैशांची अडचण राहत नाही. ही साधने प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाहीत. ती मागे राहून काम करतात, यातच त्यांचे यश आहे.

यंत्राची मर्यादा २०२१ साली स्पष्ट झाली. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी मेळा भरला नाही. पडद्यावर वस्तूचे चित्र दिसते, किंमतही कळते. पण वस्त्राचा पोत बोटांना जाणवत नाही आणि विणकराशी दोन शब्द बोलता येत नाहीत. २०२२ साली मार्च-एप्रिलमध्ये मेळा पुन्हा भरला.

३. दिवा आणि निवेदक

कला आणि तंत्र यांचा संयोग महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने व भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवली जात. शंबर हा पुराणातील मायावी असुर. त्याच्या नावावरून ‘शांबरिक’ हा शब्द आला. चित्रे भराभर बदलून आकृती हलल्याचा भास निर्माण केला जाई. चलच्चित्र भारतात येण्यापूर्वी लोक पडद्यावरील रामायण-महाभारताच्या कथांत रंगून जात. त्या खेळात दिवा होता, भिंग होते. परंतु कथा रंगवणारा मात्र माणूसच होता. निवेदन आणि गीते यांच्यावाचून ती चित्रे मुकी राहिली असती.

पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवातील हलते देखावे हे याच परंपरेचे पुढचे पाऊल म्हणता येईल. मोटारीवर फिरणारे पुतळे, रंगीत दिव्यांची उघडझाप आणि ध्वनिमुद्रित निवेदन यांच्या आधारे पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक प्रसंग उभे केले जातात. रस्त्यावर उभे राहून सहकुटुंब देखावे पाहणे हा पुण्यातील उत्सवाचाच एक भाग झाला आहे. ज्या देखाव्यात कथा स्पष्ट असते तो वर्षानुवर्षे लक्षात राहतो. जेथे केवळ दिव्यांची रोषणाई आणि कर्णकर्कश आवाज असतो, तेथून माणूस कान झाकून पुढे जातो.

संगीताच्या मैफलीत तबलजी गायकाला साथ करतो. गायकाची जागा चुकू न देता लय सांभाळणे हे त्याचे काम असते. त्याने ठेका इतका चढवला की गाणे ऐकूच येईना, तर ती साथ राहत नाही, कुरघोडी होते. लोककलेच्या कार्यक्रमात तंत्रज्ञानाने हीच भूमिका ओळखली पाहिजे.

४. एका दालनाची आखणी

हा विचार प्रत्यक्षात कसा आणावा, हे एका उदाहरणाने पाहू. वारली चित्रकलेवर एक दालन उभारायचे आहे, असे समजू. एक मार्ग सोपा आहे. मोठ्या पडद्यांवर वारली आकृत्या नाचवाव्यात, सोबत कोणतेही जलद संगीत लावावे. गर्दी जमेल, छायाचित्रे निघतील. पण बाहेर पडणाऱ्या माणसाला वारली समाजाविषयी काय कळेल?

दुसरा मार्ग अभ्यासाचा आहे. वारली चित्रे मुळात घराच्या भिंतीवर काढली जात. गेरूने सारवलेल्या तांबूस भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने ती रेखाटली जात. लग्नाच्या वेळी सुवासिनी चौक लिहीत आणि धवलेरी लग्नगीते गात असे. १९७० च्या दशकात पालघर परिसरातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

ही माहिती हाती असेल तर दालनाची रचना आपोआप सुचते. प्रवेश एका बुटक्या दारातून असावा. आत अंधूक प्रकाश आणि ओल्या मातीचा गंध असावा. एक वारली कलावंत प्रत्यक्ष भिंतीवर चित्र रेखाटत असावा किंवा असावी. दिव्याचा झोत भिंतीवर असावा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर नव्हे. लग्नगीताचे ध्वनिमुद्रण मंद आवाजात, गाणाऱ्या स्त्रीच्या संमतीने आणि तिच्या नावासह ऐकवावे. शेवटच्या अंगणात तारपा वाजावा. भोपळा आणि बांबू यांपासून बनलेल्या या वाद्याच्या तालावर नर्तक एकमेकांना धरून फेर धरतात. वारली चित्रांतील सर्पिल आकृती हाच तो फेर असतो. पाहुण्यांना त्या फेरात येऊ द्यावे. भिंतीवर पाहिलेली आकृती आपल्याच पावलांनी पुरी होते आहे, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला ती कला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या दालनात यंत्रे आहेतच. प्रकाश, ध्वनिमुद्रण आणि माहितीचा छोटा पडदा यांचा उपयोग केलेला आहे. परंतु वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात चित्र काढता येईल आणि तारपा वाजत राहील. ज्या कार्यक्रमात वीज गेल्यावर काहीच उरत नाही, त्यात कलेचा अंश किती होता याचा विचार करावा.

५. कर्त्याचा वाटा

तंत्रज्ञानाचा खरा कस कारागिराच्या पदरात काय पडते यावर लागतो. वारली आकृत्या आज पडदे, पेले आणि पिशव्यांवर छापलेल्या दिसतात. यंत्रमागावरील नक्षीची साडी पैठणी म्हणून विकली जाते. छपाईयंत्र शेकडो नगांवर एकच आकृती उमटवते. ज्या समाजाने ती आकृती जपली त्याला मात्र बहुधा काही मिळत नाही. याला आळा घालण्यासाठी पैठणी व वारली चित्रकला यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. हातमागावरील कापड ओळखता यावे म्हणून २००६ साली हातमाग चिन्ह सुरू झाले. तरीही कायद्याची खूण तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा ग्राहक ती शोधतो. कारागिराला काम करताना पाहिलेला ग्राहक ती शोधण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मेळ्याला केवळ करमणूक मानणे योग्य नाही. तेथे पारख घडते.

आयोजकांनी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. कलावंताला बोलावताना मानधन, प्रवासखर्च व निवास यांची आधी स्पष्ट बोली करावी. त्याचे चित्रीकरण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि त्याचे नाव द्यावे. ‘पारंपरिक’ या एका शब्दामागे माणसे दडवू नयेत. गवताच्या छपराखाली वीजजोडणी करताना सुरक्षिततेची काळजी घ्यावी. वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी सुगम वाट ठेवावी. आवाजाची मर्यादा सांभाळावी. कारण शेजारच्या झोपडीतील सारंगीवाल्यालाही आपले वाद्य ऐकवायचे असते.

अशा उपक्रमासाठी सूरजकुंडाएवढे मैदान लागत नाही. वस्तीतील समाजमंदिर, शाळेचे पटांगण किंवा एखादा वाडाही पुरतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, घोंगडी विणणारे शेजारी, बुरूडकाम करणारे कुटुंब हे त्या उपक्रमाचे मानकरी ठरू शकतात. एका मोबाइलवर आजींच्या ओव्या मुद्रित करता येतात, हे यंत्राचे मोठेच देणे आहे. मात्र आजी हयात आहेत तोवर त्यांना जात्याशी बसवून मुलांच्या हाती खुंटा द्यावा. मुद्रित आवाज ओवी जपून ठेवील. ती पुढच्या पिढीच्या तोंडी बसवण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागेल.

शब्दार्थ

झाकोळणे – झाकून टाकणे, निस्तेज करणे
धुरा वाहणे – जबाबदारी सांभाळणे
शाकारणे – गवत, पेंढा इत्यादींनी छप्पर घालणे
कुरघोडी – वरचढपणा
धवलेरी – वारली समाजात लग्नविधी करणारी व लग्नगीते गाणारी स्त्री
सर्पिल – वेटोळ्याच्या आकाराचे
बुरूडकाम – बांबूपासून सुपे, टोपल्या इत्यादी वस्तू बनवण्याचे काम
खुंटा – जाते फिरवण्यासाठी धरायचा लाकडी दांडा

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(अ) सूरजकुंड येथे हस्तकलांचा मेळा ______ साली सुरू झाला.
(आ) ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ ______ येथील पटवर्धन यांनी सुरू केला.
(इ) वारली नर्तक ______ या वाद्याच्या तालावर फेर धरतात.

आपण काय शिकलात?

• मेळ्यात कारागीर व ग्राहक समोरासमोर येतात, त्यामुळे वस्तूचे मोल कळते.
• प्रेक्षकाला सहभागी करून घेणे हा अनुभवप्रधान कार्यक्रमाचा गाभा आहे.
• तंत्रज्ञानाने कलेला साथ करावी, तिच्यावर मात करू नये.
• कलावंताची संमती, त्याचे नाव आणि त्याचा मोबदला यांना आखणीत पहिले स्थान द्यावे.

स्वाध्याय

१. संग्रहालय, दुकान आणि मेळा यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘तंत्रज्ञानाने तबलजीप्रमाणे साथ करावी’ या विधानाचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. मेळा ही केवळ करमणूक नसून तेथे पारख घडते, असे पाठात का म्हटले आहे?
४. आपल्या परिसरातील एका कारागिराची किंवा लोककलावंताची भेट घ्या. त्यांच्या संमतीने कामाची माहिती १५ ओळींत लिहा.
५. आपल्या वस्तीत एका दिवसाचा कला-उपक्रम करायचा आहे. जागा, कलावंत, लागणारी साधने आणि खर्च यांचा विचार करून आराखडा तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १९८७ (आ) कल्याण (इ) तारपा