संघटनांची संघटना : मुंबईच्या कामगारांकडून शिकण्याचा एक पाठ (१९२८ ते १९३८)



शालेय इतिहासात कामगार चळवळ दोन-तीन परिच्छेदांत आटोपते. नारायण मेघाजी लोखंडे, आयटक, १९२८ चा संप, मीरत खटला. मुलं सनावळ्या पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. कामगारांच्या इतक्या वेगवेगळ्या संघटना होत्या, तर त्या एकत्र कुठे बसत होत्या? आणि एकत्र बसल्यावर सगळ्यांचं म्हणणं ऐकलं जात होतं का? आजचा पाठ या प्रश्नावर आहे.

१. संघटना आणि संघटनांची परिषद

मुलांना आधी फरक समजावून सांगावा. एका गिरणीतले, एका गोदीतले किंवा रेल्वेतले कामगार एकत्र येतात, ती झाली कामगार संघटना, म्हणजे युनियन. पण काही प्रश्न एका युनियनच्या आवाक्यातले नसतात. सरकार सगळ्या कामगारांना लागू होणारा कायदा आणतं, तेव्हा एकट्या युनियनने ओरडून काय होणार?

गावाकडचं उदाहरण देता येईल. प्रत्येक वाडीचे आपापले प्रश्न असतात, पण धरणाच्या पाण्याचा प्रश्न आला की पंचक्रोशीला एकत्र बसावं लागतं. तशीच एखाद्या प्रांतातल्या सगळ्या युनियन्सची मिळून एक परिषद असते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस (आयटक) स्थापन झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष होते. तिची मुंबई प्रांतातली शाखा म्हणजे मुंबई प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेस. इथे मुलं हमखास गोंधळतात. या नावातल्या ‘काँग्रेस’चा अर्थ परिषद असा आहे, राजकीय पक्ष नव्हे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

२. सुरुवात : अर्ज आणि सभा

युनियन येण्याआधीही कामगार बोलत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर आणि काम करताना जखमी झाल्यास भरपाई. १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’कडे मात्र सभासदांची यादी, वर्गणी, लेखी नियम असं काहीच नव्हतं. कामगारांचं गाऱ्हाणं मांडणारी ती संस्था होती. वाटाघाटीला बसून शब्द देणारी आणि तो शब्द सभासदांकडून पाळून घेणारी यंत्रणा अजून यायची होती.

३. १९२८ : एकत्र बसण्याची गरज

१९२८ च्या सुमारास मालकांनी कमी माणसांत जास्त काम करून घ्यायला सुरुवात केली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूत कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय येणारच. एप्रिलअखेर मुंबईच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद झाल्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले.

पण नेतृत्व एक नव्हतं. एकीकडे ना. म. जोशी यांची १९२६ ची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन होती. ती मवाळ होती, वाटाघाटींवर भर देणारी. दुसरीकडे श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे कम्युनिस्ट आणि अर्जुन आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत काम करणारे पुढारी होते. संपाच्या काळातच या दुसऱ्या गटाची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. दोन्ही बाजूंचं पटत नव्हतं. तरी त्यांनी संयुक्त संप समिती नेमली आणि १७ मागण्यांची एकच यादी केली. मदतनिधी आणि धान्यवाटपाची व्यवस्था लावली. संप सुमारे सहा महिने टिकला. ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर तो मिटला.

४. यादीत कुणाची मागणी नव्हती?

पाठाचा खरा गाभा इथे आहे. गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळायची. पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत काढताना ते तोंडाने ओढावं लागे. सवर्ण कामगार म्हणत, यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही कसा लावायचा? म्हणून दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांत अडकून राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्टच सांगितलं. विणकाम खातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी यादीत घेतली नाही, तर आपल्या लोकांना संपात भाग घेऊ नका असं सांगावं लागेल. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने. त्यावर मालकांनी उत्तर दिलं की ही अडवणूक आमची नाही, तुमच्याच कामगारांची आहे. दुर्दैवाने ते खरं होतं.

मुलांना इथे थांबवून विचारावं : मालक अन्याय करतो म्हणून एकत्र आलेली माणसं आपल्यातल्याच काहींवर अन्याय करत असतील, तर त्या एकीला एकी म्हणायचं का?

५. फूट आणि १९३८

पुढची वर्षं वाईट गेली. २० मार्च १९२९ रोजी कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मीरत खटला सुरू झाला. त्यानंतर गिरणी कामगार युनियनने एकटीने पुकारलेला १९२९ चा संप फसला. आंबेडकरांनी त्या संपाला विरोध केला होता. वर्षअखेर नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी यांचा गट बाहेर पडला. १९३१ मध्ये कोलकात्याला आणखी एक फूट पडली. तुटलेले तुकडे पुन्हा जोडायला १९३८ उजाडलं.

त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणलं. आधी सरकारी समेटाची सगळी प्रक्रिया पार पाडा, ती न पाळता संप केलात तर तो बेकायदा, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा, असा त्याचा रोख होता. आंबेडकरांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे त्याला गुलाम करणं, असा त्यांचा युक्तिवाद होता.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेस आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कामगार मैदानावर जमनादास मेहता यांच्या अध्यक्षतेखाली प्रचंड सभा झाली. आंबेडकर आणि डांगे एकाच व्यासपीठावर होते. त्या दिवशी काही ठिकाणी पोलिसांचा गोळीबारही झाला. म्हणजे ‘काँग्रेस’ नावाची कामगार परिषद काँग्रेस पक्षाच्या सरकारविरुद्ध उभी होती. मुलांना हे सांगितलं की नावाचा गोंधळ आपोआप सुटतो.

विधेयक थांबलं नाही, त्याचा कायदा झाला. पण दहा वर्षांपूर्वी ज्यांची मागणी नाइलाजाने यादीत आली होती, त्यांचा पक्ष आता बरोबरीने संप पुकारत होता. प्रांतिक परिषदेला ही मोठी ताकद मिळाली होती, कारण ज्या युनियन्स आणि जे लोक एकमेकांपासून दूर होते, ते एका दिवसासाठी का होईना, एकत्र आले.

६. वर्गात आणि घरी काय करता येईल?

• वर्गाचे चार गट करा : विणकर, सूत कातणारे, बदली कामगार आणि विणकाम खात्यात प्रवेश नसलेले कामगार. प्रत्येक गटाने पाच मागण्या लिहाव्यात. मग सगळ्यांनी मिळून पाचच मागण्यांची एक यादी करावी. कुणाची मागणी गळाली आणि का, याची चर्चा करा.

• मालक, कामगार आणि सरकार अशा तीन बाजूंनी १९३८ च्या विधेयकावर वाद घडवा. समेटाची सक्ती चांगली की वाईट? दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत, मुलांना ते शोधू द्या.

• पालकांसाठी : आपल्या घरात किंवा नात्यात कुणी गिरणीत, एसटीत, कारखान्यात, अंगणवाडीत काम करत असेल, तर मुलांना त्यांच्याशी बोलायला सांगा. तुमची संघटना आहे का? तिच्या बैठकीत कंत्राटी कामगारांना बोलता येतं का? मिळालेलं उत्तर वहीत लिहून आणायला सांगा, त्यावर पुढच्या तासाला बोलता येईल.